'सापडत नाही' आणि 'असू शकत नाही' : सुडोकूच्या तर्काचा एक इतिहास

१

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, राशिभविष्याच्या शेजारी छापल्या जाणाऱ्या सुडोकूकडे साहित्याच्या अभ्यासकाने गांभीर्याने का पाहावे, असे कोणी विचारले तर तो प्रश्न गैर म्हणता येणार नाही. ८१ घरांची चौकट, १ ते ९ हे अंक, आणि प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या स्तंभात व प्रत्येक तीन बाय तीनच्या लहान चौकटीत प्रत्येक अंक एकदाच यावा हा नियम. यात बेरीज नाही, वजाबाकी नाही. अंकांच्या जागी नऊ अक्षरे किंवा नऊ फुलांची नावे घातली तरी कोड्यात काडीचा फरक पडत नाही. तरीही अवघड सुडोकू सोडवण्याच्या ज्या पद्धती अलीकडच्या काळात नावारूपाला आल्या, त्यांच्या मुळाशी एक फार जुना प्रश्न आहे. एखादी गोष्ट 'सापडत नाही' आणि ती 'असू शकत नाही' या दोन विधानांत नेमके किती अंतर आहे? या प्रश्नाच्या इतिहासात नागपुरात शिकलेल्या एका मराठी गणितज्ञाचे नाव ठळक अक्षरांत लिहिलेले आहे, आणि त्या इतिहासाची एक शाखा थेट विसाव्या शतकातील एका महत्त्वाच्या कादंबरीत जाऊन पोहोचते. प्रस्तुत लेखाचा विषय तो इतिहास आहे.

प्रथम पद्धतींविषयी. सोपे सुडोकू सोडवताना आपण 'या घरात कोणता अंक येईल' असे विचारतो. कोडे अवघड झाले की हा प्रश्न निरुपयोगी ठरतो, कारण प्रत्येक रिकाम्या घरात दोन-तीन अंकांची शक्यता शिल्लक असते आणि कोणतेच घर एकदम उलगडत नाही. तेथे प्रश्न उलटा करावा लागतो : या घरात कोणता अंक येऊच शकत नाही? न्यायदर्शनाच्या परिभाषेत याला 'परिशेष' असे नाव आहे. वात्स्यायनाने न्यायभाष्यात 'शेषवत्' अनुमानाचा अर्थ लावताना हाच शब्द वापरला आहे. शब्द हा द्रव्य असू शकत नाही, कर्म असू शकत नाही, म्हणून तो गुण होय, अशी त्याची मांडणी. जे जे संभवत नाही ते ते दूर सारले की जे उरते ते सिद्ध होते. मात्र त्यासाठी शक्यतांची यादी पूर्ण असली पाहिजे, आणि प्रत्येक निरास सकारण असला पाहिजे.

सुडोकू खेळणाऱ्यांत 'एक्स-विंग' नावाने ओळखली जाणारी युक्ती घ्या. समजा, दुसऱ्या ओळीत ५ हा अंक चौथ्या किंवा नवव्या स्तंभातच बसू शकतो, आणि सातव्या ओळीतही नेमक्या याच दोन स्तंभांत. आता दोनच शक्यता उरतात. दुसऱ्या ओळीतला ५ चौथ्या स्तंभात गेला तर सातव्या ओळीतला नवव्यात जाईल. नाहीतर याच्या उलट होईल. यांपैकी खरे काय ते आपल्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. दोन्ही प्रकारांत चौथ्या आणि नवव्या स्तंभांतल्या ५ च्या जागा याच दोन ओळींत खर्ची पडतात. म्हणून त्या स्तंभांतल्या इतर सर्व घरांतून ५ निःशंकपणे खोडता येतो. आपण एकही अंक लिहिलेला नाही, तरी आपले ज्ञान वाढले आहे. हाच विचार दोन ओळींऐवजी तीन ओळी आणि तीन स्तंभ घेऊन केला की त्याला 'स्वोर्डफिश' म्हणतात.

'एक्सवाय-विंग' ही युक्ती याहून सुंदर आहे. एका घरात फक्त ३ किंवा ७ येऊ शकतो. त्याच्या प्रभावक्षेत्रातल्या, म्हणजे त्याच्याशी ओळ, स्तंभ वा लहान चौकट यांनी बांधलेल्या एका घरात ३ किंवा ९, आणि तशाच दुसऱ्या एका घरात ७ किंवा ९. मधल्या घरात ३ आला तर पहिल्या शेजाऱ्याला ९ व्हावे लागते. ७ आला तर दुसऱ्याला. काहीही झाले तरी या दोन शेजाऱ्यांपैकी एकजण ९ आहेच. तेव्हा जे घर या दोघांच्याही प्रभावक्षेत्रात येते, त्यात ९ असू शकत नाही. वादशास्त्रातील उभयतःपाशाचाच हा प्रकार. प्रतिपक्षाने कोणताही पर्याय पत्करला तरी निष्कर्ष एकच निघतो. अनिश्चिततेच्या पोटातून निश्चिती काढण्याचा हा मार्ग आहे, आणि अवघड सुडोकूचे सारे शास्त्र या एका कल्पनेचा विस्तार आहे.

२

ही चौकट आली कोठून? तिचे एक मूळ शेतात आहे. ते समजून घेण्यासाठी पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातले एक काल्पनिक शेत डोळ्यांपुढे आणू. भीमेच्या एका अंगाला शिरूर तालुका, दुसऱ्या अंगाला दौंड. नदीलगतची जमीन काळी व खोल. काठापासून माळाकडे जावे तशी ती उथळ आणि मुरमाड होत जाते. अशा शेतात बाजरीच्या सहा वाणांची तुलना करायची आहे. पहिला वाण नदीकाठच्या पट्टीत आणि सहावा माळाच्या पट्टीत पेरला, तर जे पीक जास्त येईल ते वाणाच्या गुणाने आले की जमिनीच्या, हे कोण सांगणार? शिवाय पाटाच्या तोंडाशी पाणी भरपूर आणि शेवटाला अपुरे, हा भेद पहिल्याला आडवा छेदून जातो. तेव्हा शेताचे सहा ओळी व सहा स्तंभांत ३६ तुकडे पाडायचे आणि प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत एकदा व प्रत्येक स्तंभात एकदा येईल असा पेरायचा. मग प्रत्येक वाणाच्या वाट्याला जमिनीचे आणि पाण्याचे सुखदुःख सारखेच येते.

या रचनेला 'लॅटिन चौरस' म्हणतात. इंग्लंडमधील रॉथम्स्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर १९१९ साली रुजू झाले आणि पुढील काही वर्षांत त्यांनी शेतीप्रयोगांच्या आखणीत या चौरसांना मध्यवर्ती स्थान दिले. आपल्याकडे हे शास्त्र रुजवण्यात वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा होता. १९५४ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केलेले त्या दोघांचे इंग्रजी पाठ्यपुस्तक शेतीविषयक संख्याशास्त्र शिकणाऱ्यांच्या पिढ्यांनी वापरले.

आता त्याच शेतात आणखी एक अडचण कल्पू. एका कोपऱ्यात जमीन चोपण आहे, दुसरीकडे पाणी साचते. हे दोष ओळ-स्तंभांची शिस्त पाळत नाहीत. ते ठिगळासारखे पसरलेले असतात. त्यावर उपाय असा की दोन बाय तीनच्या ठिगळांत शेत वाटावे आणि प्रत्येक ठिगळातही प्रत्येक वाण एकदाच येईल असे पाहावे. ही कल्पना वा. उ. बेहरेन्स या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडली आणि तिला 'न्याय्य' या अर्थाचा जर्मन शब्द नाव म्हणून दिला. वाचकाच्या लक्षात आलेच असेल की सहाऐवजी नऊ वाण आणि तीन बाय तीनची ठिगळे घेतली की हीच सुडोकूची पूर्ण भरलेली चौकट होते. कोडे म्हणून ती अमेरिकेत हॉवर्ड गार्न्स यांनी १९७९ मध्ये प्रथम रचली असे मानले जाते. १९८४ मध्ये जपानच्या निकोली या प्रकाशनसंस्थेने ती उचलली आणि तेथे तिला आजचे नाव मिळाले. वेन गूल्ड यांच्या प्रयत्नाने १२ नोव्हेंबर २००४ रोजी ती लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये आली आणि पुढील वर्षभरात जगभरच्या वर्तमानपत्रांत पोहोचली. म्हणजे मनोरंजनाच्या पानावर येण्यापूर्वी दोन तपे ही चौकट शेतकऱ्याला न्याय देण्यासाठी आखली गेली होती.

३

लॅटिन चौरसाला हे नाव मिळाले ते लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञामुळे. १७७९ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे ठेवलेल्या आणि १७८२ मध्ये छापलेल्या निबंधात त्याने एक कूट मांडले. सहा पलटणींतून प्रत्येकी सहा हुद्द्यांचा एकेक असे ३६ अधिकारी आहेत. त्यांना सहा बाय सहाच्या चौरसात असे उभे करायचे की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक पलटणीचा एक व प्रत्येक हुद्द्याचा एक अधिकारी असावा. त्या वेळी ऑयलर जवळजवळ पूर्ण अंध होता.

आपल्या शेताच्या भाषेत सांगायचे तर, सहा वाणांबरोबर सहा प्रकारची खतेही तपासायची आहेत. वाणांचा एक लॅटिन चौरस, त्यावर खतांचा दुसरा. आणि दोन्ही एकमेकांवर ठेवल्यावर प्रत्येक वाणाची प्रत्येक खताशी नेमकी एकदाच गाठ पडली पाहिजे. ऑयलरने पहिल्या चौरसासाठी लॅटिन आणि दुसऱ्यासाठी ग्रीक अक्षरे वापरली, म्हणून अशा जोडीला 'ग्रीक-लॅटिन चौरस' म्हणतात. दोन चौकटी एकमेकींवर ठेवून तिसरी सिद्ध करण्याची कल्पना आपल्याकडेही होती. नारायण पंडिताच्या 'गणितकौमुदी'त (१३५६) जादूचे चौरस रचताना खालच्या चौकटीला 'छाद्य' आणि वरून पांघरायच्या चौकटीला 'छादक' अशी नावे दिलेली आहेत. ऑयलरचा प्रश्न मात्र अधिक कडक होता.

पाच वाण व पाच खते असती, तर हे सहज जमते. सात असती तरी जमते. विषम संख्यांसाठी आणि चाराने भाग जाणाऱ्या संख्यांसाठी ऑयलरला रीत सापडली होती. सहासाठी मात्र काही केल्या जमेना. दोनासाठी ते जमत नाही हे कोणीही कागदावर पडताळू शकतो. यावरून ऑयलरने असे मत मांडले की २, ६, १०, १४, १८, २२ अशा, चाराने भागल्यावर दोन उरणाऱ्या, कोणत्याच संख्येसाठी अशी रचना असू शकत नाही.

या विधानाचे स्वरूप नीट पाहावे. त्यात दोन वेगळी विधाने एकत्र विणलेली आहेत. सहासाठी रचना नाही, हे पहिले. गास्तों तारी या, अल्जीरियात सरकारी नोकरी करणाऱ्या हौशी गणितज्ञाने १९०० च्या सुमारास ते सिद्ध केले. त्याने सहाच्या लॅटिन चौरसांचे जे ९,४०८ मूलभूत प्रकार होतात त्यांची साम्यानुसार वर्गवारी केली आणि एकेका वर्गाला जोडीदार मिळणे कसे अशक्य आहे हे चिकाटीने दाखवले. येथे यादी पूर्ण होती आणि प्रत्येक निरास सकारण होता. परिशेषाच्या दोन्ही अटी पाळल्या गेल्या. दुसरे विधान १०, १४, १८ आणि त्यापुढच्या अनंत संख्यांविषयीचे. त्याला आधार होता तो ऑयलरच्या नावाचा, दोन लहान उदाहरणांचा, आणि कोणालाच काही न सापडल्याचा. मधल्या काळात त्याच्या सिद्धता देण्याचे प्रयत्न झाले. त्यांत उणिवा निघाल्या. संगणक आल्यावर दहाच्या चौरसाचा शोध त्याच्यावर सोपवून पाहण्यात आला. पण शक्यतांचा पसारा एवढा अफाट होता की त्याचा नगण्य अंशच तपासला गेला, आणि हाती काही आले नाही. न सापडण्याचे वय वाढत गेले तसतसे ते अशक्यतेसारखे दिसू लागले.

४

शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ रोजी मध्य प्रदेशातील सागर येथे झाला. शिक्षण नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयात. पुढे कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत ते संख्याशास्त्र शिकले. तेथे राज चंद्र बोस हे शुद्ध भूमितीचे अभ्यासक प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या आग्रहाने शेतीप्रयोगांच्या आखणीकडे वळलेले होते. लॅटिन चौरसांच्या जोड्या आणि प्रक्षेपीय भूमिती यांचे नाते बोस यांनी १९३८ च्या सुमारास उघड केले होते. बोस पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात गेले, आणि श्रीखंडे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९५० मध्ये तेथे पीएच.डी. मिळवली. नंतर त्यांनी नागपुरात अध्यापन केले आणि १९५८ च्या सुमारास ते पुन्हा बोस यांच्याकडे अभ्यागत म्हणून गेले.

१९५९ मध्ये ई. टी. पार्कर यांनी २१ या संख्येच्या चौरसांविषयी एक अनपेक्षित निष्कर्ष काढला. ऑयलरच्या मताहून व्यापक असलेले एक अनुमान त्यामुळे कोसळले. त्या धाग्याने बोस आणि श्रीखंडे यांनी पुढे जाऊन २२ साठी ग्रीक-लॅटिन चौरस उभा केला. ऑयलरच्या यादीतील ही पहिली मोडलेली संख्या. पाठोपाठ पार्कर यांनी १० चा चौरस दिला. २६ एप्रिल १९५९ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही वार्ता पहिल्या पानावर छापली. ऑयलरचा डाव मोडणारे, अशा अर्थाचे टोपणनाव या त्रयीला मिळाले. १९६० मध्ये तिघांच्या संयुक्त निबंधाने प्रकरण संपवले : २ आणि ६ वगळता प्रत्येक संख्येसाठी ग्रीक-लॅटिन चौरस असतो. १७७ वर्षे 'असू शकत नाही' म्हणून मिरवणाऱ्या विधानाचा फक्त तारीने सिद्ध केलेला तुकडा खरा निघाला.

२२ चा चौरस कसा उभा राहतो हे गणिताशी परिचय नसलेल्या वाचकालाही समजण्याजोगे आहे, आणि ते समजून घेण्यात आनंद आहे. एकोणिसाव्या शतकातील कर्कमन यांचे एक कूट प्रसिद्ध आहे. पंधरा मुली रोज तिघी-तिघींच्या पाच गटांत फिरायला जातात. सात दिवसांत कोणत्याही दोघी नेमक्या एकदाच एका गटात याव्यात. हे जमते. आता सात दिवसांसाठी सात नव्या बाया नेमा आणि प्रत्येक दिवसाची बाई त्या दिवसाच्या प्रत्येक गटात घाला. तिघींचे ३५ गट चौघींचे झाले. सात बायांचा आपापसांतला आणखी एक गट करा. आता १५ आणि ७ मिळून २२ जणी, आणि त्यांपैकी कोणत्याही दोघी नेमक्या एकाच गटात एकत्र. गटांचे आकार दोनच, चार आणि सात; आणि या दोन्ही संख्यांसाठी ग्रीक-लॅटिन चौरस पूर्वीपासून माहीत होते. मोठ्या चौरसातले कोणतेही घर घ्या. त्याची ओळ एकीची, स्तंभ दुसरीचा. त्या दोघी ज्या एकमेव गटात भेटतात, त्या गटाच्या छोट्या चौरसातून हे घर भरा. ज्या घराची ओळ आणि स्तंभ एकीचेच आहेत तेथे तिचीच दोन्ही अक्षरे लिहा. छोटे चौरस याला जुळतील असे आधी मांडून घेता येतात. काही उरत नाही, काही दोनदा येत नाही.

लाखो शक्यता चाचपून हे घडलेले नाही. जी गोष्ट अखंड स्वरूपात सापडत नव्हती ती लहान, ओळखीच्या तुकड्यांतून शिवता येते, हे त्या दोघांनी पाहिले. अवघड सुडोकूत सारी चौकट एकदम डोळ्यांत न घेता दोन ओळी आणि दोन स्तंभ यांच्यातले नाते पाहणारा माणूस लहान प्रमाणावर हेच करत असतो.

श्रीखंडे १९६३ मध्ये मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले आणि १९७८ मध्ये निवृत्त होईपर्यंत तो विभाग त्यांनी घडवला. २१ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या १०३ व्या वर्षात, त्यांचे निधन झाले. टाळेबंदीच्या त्या दिवसांत घराघरांत सुडोकू सोडवले जात होते. पण त्या चौकटीच्या कुळाचा इतिहास बदलणारा माणूस आपल्यातून गेला, याची मराठी वाङ्मयीन जगाने म्हणावी तशी दखल घेतली नाही.

५

वाङ्मयीन जगाचा उल्लेख येथे निव्वळ भावनेपोटी केलेला नाही. १९५९ पूर्वी कोणालाही ठाऊक नसलेली दहाच्या ग्रीक-लॅटिन चौरसाची रचना जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाने एका कादंबरीच्या पायात घातली. 'ला व्ही मोद दांप्लुआ' (१९७८), म्हणजे 'जीवन : वापरण्याची रीत', ही ती कादंबरी. पॅरिसमधील एका इमारतीचा दर्शनी भाग दहा बाय दहाच्या चौकटीत विभागला आहे. प्रत्येक घर म्हणजे एक खोली वा जिन्याचा भाग, आणि एक घर वगळता प्रत्येक घराचे एक प्रकरण. एका प्रकरणातून दुसऱ्यात जाण्याचा क्रम बुद्धिबळातल्या घोड्याच्या चालीने ठरतो. कोणत्या प्रकरणात कोणती वस्तू, कोणते फर्निचर, कोणत्या लेखकाचे अवतरण यावे, हे ग्रीक-लॅटिन चौरस ठरवतो. गणितज्ञ क्लोद बेर्ज पेरेकच्या लेखकमंडळात होते. ही कल्पना त्यांच्याकडून आली.

अशा लेखनाला आपल्या परंपरेत 'चित्रकाव्य' म्हणत आणि मम्मटाने त्याला काव्याच्या खालच्या पायरीवर बसवले. मराठीत या बाबतीत सर्वाधिक टीका सहन केलेला कवी दौंडच्या शेजारच्याच बारामतीचा. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) १०८ रामायणे रचली, आणि त्यांपैकी कित्येकांना स्वतःहून घातलेली बंधने आहेत. त्यांच्या 'निरोष्ठ रामायणा'त ओष्ठ्य वर्ण वर्ज्य आहेत. या नियमाचा परिणाम काय होतो ते पाहावे. 'म' हा ओष्ठ्य वर्ण; तेव्हा रामायण सांगायचे, पण 'राम' हा शब्द उच्चारायचा नाही! नायकाचे नाव घेण्याची वाट बंद झाल्यावर कवीला त्याचे गुण, नाती आणि कृत्ये यांच्या वाटेने त्याच्यापर्यंत जावे लागते. त्याआधी दंडीने 'दशकुमारचरिता'त ओठ दुखावलेल्या मंत्रगुप्ताच्या तोंडी ओष्ठ्यरहित कथन घातले होते; आणि पेरेकने १९६९ मध्ये फ्रेंच भाषेतले सर्वाधिक वापराचे 'ई' हे अक्षर टाळून सबंध कादंबरी लिहिली. या सर्वांना 'कसरत' म्हणून बाजूला सारण्याची सवय आपल्याला लागली आहे. बंधन हे शक्यता कमी करते, हे खरे. परंतु नेहमीच्या शब्दाची शक्यता मिटली की जे शब्द एरवी सुचलेच नसते ते पुढे येतात. परिशेष केवळ कोडे सोडवण्याचे नव्हे, तर रचण्याचेही साधन होऊ शकतो.

६

पेरेकच्या कादंबरीच्या प्रारंभी चित्रखंड जुळवण्याच्या खेळावर एक चिंतन आहे. त्याचा आशय असा की हा खेळ दिसतो तसा एकट्याचा नाही. जुळवणाऱ्याची प्रत्येक हालचाल कोडे कापणाऱ्याने आधीच कल्पिलेली असते. सुडोकूच्या प्रगत पद्धतींपैकी सर्वांत वादग्रस्त पद्धत याच जाणिवेवर उभी आहे.

तिला 'युनिक रेक्टँगल' म्हणतात. दोन ओळी, दोन स्तंभ आणि दोन लहान चौकटी यांत मिळून आयताच्या चार कोपऱ्यांची चार घरे घ्या. तीन घरांत फक्त २ किंवा ६ शक्य आहे. चौथ्यात २, ६ किंवा ८. चौथ्यातही २ किंवा ६ आला, तर चारही घरांत २ आणि ६ ची अदलाबदल करून दुसरे, तितकेच नियमबद्ध उत्तर तयार होईल. कोड्याला तर एकच उत्तर असते. म्हणून चौथ्या घरात ८. निष्कर्ष बरोबर आहे. पण त्याचे एक प्रमाण चौकटीच्या बाहेरून आले आहे. ओळ, स्तंभ आणि लहान चौकट यांच्या नियमांतून ते निघत नाही. रचनाकाराने 'उत्तर एकच आहे' असे जे वचन न बोलता दिले, त्यावर ते विसंबते. काही खेळाडू म्हणूनच ही पद्धत वर्ज्य मानतात. कोड्याला एकच उत्तर आहे हे सोडवणाऱ्याने सिद्ध करायचे असते, गृहीत धरायचे नसते, असे त्यांचे म्हणणे. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा वाद परका वाटू नये. रहस्यकथेतला खुनी 'हा इतका सरळ दिसतो म्हणजे हाच असणार' अशा हिशेबाने ओळखणारा वाचक कथेतल्या पुराव्यावर चालत नाही, लेखकाच्या हेतूवर चालतो. संहितेचा पुरावा आणि लेखकाविषयीचे गृहीतक यांची गल्लत समीक्षेत किती वेळा होते, याची उदाहरणे प्रत्येकाने आपापल्या वाचनात शोधावीत.

दुसरा वाद तर्काविषयीचा. अतिशय अवघड कोड्यात एखाद्या घरात एक अंक गृहीत धरून परिणामांची साखळी तपासावी लागते. हे अनुमान की अंदाज? नैयायिकांनी 'तर्क' या संज्ञेने हाच प्रकार ओळखला होता. विरुद्ध पक्ष घटकाभर मानावा आणि त्यातून अनिष्ट प्रसंग दाखवावा. तर्काला त्यांनी स्वतंत्र प्रमाण मानले नाही, प्रमाणाचा साहाय्यक मानले. सुडोकूत हा विवेक नेमका लागू पडतो. गृहीतातून विसंगती निघाली, तर तो अंक तेथे असू शकत नाही हे सिद्ध झाले. पण गृहीत धरलेला अंक नशिबाने जुळत गेला आणि चौकट भरली, तर एक उत्तर आहे एवढेच कळले. दुसरे नाही हे कळलेले नाही. अपयशी अंदाज ज्ञान देऊन जातो, यशस्वी अंदाज अर्धेच देतो.

'सापडत नाही'पासून 'असू शकत नाही'पर्यंतचा प्रवास खुद्द सुडोकूच्या इतिहासातही घडला. उत्तर एकच राहावे म्हणून कोड्यात कमीत कमी किती अंक छापलेले असले पाहिजेत? १७ अंकांची हजारो कोडी जमली होती. १६ चे एकही कोणाला सापडले नव्हते. पण ऑयलरची गोष्ट ठाऊक असणारा माणूस तेवढ्यावर थांबणार नाही. डब्लिनचे गॅरी मॅग्वायर आणि त्यांचे सहकारी यांनी मुळात भिन्न अशा सुमारे साडेपाच अब्ज पूर्ण चौकटी संगणकाद्वारे एकेक करून तपासल्या आणि २०१२ मध्ये जाहीर केले की १६ चे कोडे असूच शकत नाही. दहाच्या बाबतीत ऑयलर चुकला आणि सोळाच्या बाबतीत खेळाडूंचा समज खरा ठरला. सिद्धता येईपर्यंत मात्र दोन्ही समजुतींचे वजन सारखेच होते.

७

आपल्या क्षेत्रात अशी सिद्धता क्वचितच मिळते, म्हणून तर हा विवेक आपल्याला अधिक हवा. मराठी वाङ्मयेतिहास 'पहिला', 'पहिली' आणि 'तोपर्यंत नव्हते' या शब्दांनी भरलेला आहे. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'पूर्वी (१८५७) मराठीत कादंबरी नव्हती. अमुक शतकात गद्य नव्हते. स्त्रिया अमुक काळात लिहीत नव्हत्या. यांपैकी प्रत्येक विधान किती दफ्तरे, किती बाडे, किती मठ आणि किती घरे धुंडाळून केलेले आहे, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. शोधाची व्याप्ती न सांगता केलेले अभावाचे विधान ऑयलरच्या दुसऱ्या विधानासारखे असते. ते खरे असेलही. पण ते तारीने केलेल्या कामाच्या पंक्तीला बसत नाही.

याचे उदाहरण आपण कल्पिलेल्या शेतापासून फार दूर नाही. १९५०–५१ मध्ये संगमनेरजवळ जोर्वे येथे उत्खनन होईपर्यंत महाराष्ट्रातील स्थिर वस्तीचा ज्ञात इतिहास साधारणपणे मौर्य-सातवाहन काळापासून सुरू होत असे. त्यामागे पोकळीच दिसे. मग १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती तेथे उजेडात आली. शंभरावर घरांचे अवशेष निघाले, धान्य निघाले, आणि पुराचे पाणी वळवून घेणारा बांधीव पाटही निघाला. त्या पाटाच्या तोंडाशी कोणाचे शेत होते आणि शेवटाला कोणाचे, पाण्याची वाटणी न्याय्य होती की नव्हती, हे आता कळण्याचा मार्ग नाही. पण तो पाट तीन हजार वर्षे तेथेच होता. ज्या काळात अभ्यासक 'येथे काही नव्हते' असे लिहीत होते, त्या काळातही तो मातीखाली तसाच होता.